जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि पुरुषांची प्रजननक्षमता : पुराव्यांचा आढावा

गर्भनिरोधक साधने न वापरता वर्षभर नियमित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा झाली नाही, तर त्या जोडप्याला वंध्यत्वाची समस्या आहे असे वैद्यकशास्त्र मानते, आणि अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडील दोष हे एकमेव किंवा सहभागी कारण असते. ही गोष्ट ठाऊक होऊन अनेक दशके लोटली, तरी आपल्याकडे तपासण्यांची सुरुवात बहुधा पत्नीपासून होते. आणि पतीची वीर्यतपासणी झालीच व तीत काही उणे आढळले, तर पुष्कळदा सर्वप्रथम लिहून दिली जाते ती क आणि ई जीवनसत्त्वे, फॉलिक ॲसिड, जस्त, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपीन अशा दहा-बारा घटकांची एकत्रित कॅप्सूल. ‘काउंट कमी आहे, तीन महिने गोळ्या घ्या, मग पुन्हा रिपोर्ट काढू’ हा सल्ला आता इतका रूढ झाला आहे की त्याला आधार कोणता, हे रुग्ण विचारत नाही आणि डॉक्टरही सहसा सांगत नाहीत. तो आधार मुळात कोठून आला, मोठ्या चाचण्यांत तो कितपत टिकला आणि आज त्याविषयी काय म्हणता येते, याचा आढावा येथे घेतला आहे.

जीवनसत्त्वांचा प्रजननाशी संबंध आहे, ही कल्पना औषध कंपन्यांनी निर्माण केलेली नाही. ती प्रयोगशाळेत जन्मली. १९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन स्कॉट बिशप यांना असे आढळले की ठरावीक शुद्ध आहारावर वाढवलेल्या उंदरांच्या माद्या गाभण राहत, पण त्यांचे गर्भ पोटातच विरून जात, आणि आहारात हिरवा पाला किंवा गव्हाचा अंकुर घातला की हा दोष दूर होई. त्या अन्नघटकाला पुढे ई जीवनसत्त्व हे नाव मिळाले. याच घटकाच्या अभावी नरांच्या वृषणातील शुक्राणू निर्माण करणाऱ्या पेशी झडून जातात आणि ही हानी नंतर ई जीवनसत्त्व देऊनही भरून येत नाही, हे कार्ल मेसन यांच्या अभ्यासांतून पुढे आले. १९२५ साली वोलबाख आणि हाउ यांनी अ जीवनसत्त्वाअभावी उंदरांमध्ये होणाऱ्या बदलांचे जे वर्णन केले, त्यातही वृषणाचा ऱ्हास होता. तेथे मात्र जीवनसत्त्व पुन्हा मिळताच निर्मिती पूर्ववत होऊ शकते. शुक्राणूच्या पूर्वपेशीतील गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे जे विशिष्ट पेशीविभाजन असते, ते सुरू होण्यासाठी अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक ॲसिड लागते, हे त्याचे आज ज्ञात असलेले कारण होय.

मानवाविषयीचा सर्वांत ठोस पुरावा जस्ताबाबत मिळाला. जस्त हे जीवनसत्त्व नसून खनिज आहे, पण या गोळ्यांत ते हटकून असल्याने त्याचा विचार टाळता येत नाही. बिहारमध्ये जन्मलेले आणि पाटण्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेले आनंद प्रसाद इराणमधील शिराझ येथे काम करीत असताना त्यांच्यासमोर असे तरुण आले, ज्यांची उंची लहान मुलाइतकी होती, जननेंद्रियांची वाढ झालेली नव्हती आणि अंगात रक्त कमी होते. त्यांचे जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेल्या पिठाची रोटी, आणि त्यांपैकी काहींना माती खाण्याचीही सवय होती. धान्याच्या कोंड्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते आणि आतड्यातून शोषू देत नाही. प्रसाद यांचा पहिला निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे इजिप्तमधील अभ्यासांतून जस्ताची कमतरता सिद्ध झाली. नंतर स्वयंसेवकांना मुद्दाम अत्यल्प जस्ताचा आहार दिला असता त्यांच्यातील बहुतेकांची शुक्राणूसंख्या घटली आणि जस्त पुन्हा सुरू केल्यावर काही महिन्यांनी ती सावरली.

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा असला तरी मर्यादित आहे: विशिष्ट पोषकद्रव्याची खरी कमतरता असेल तर शुक्राणूंची निर्मिती बिघडते आणि ती कमतरता भरून काढल्यास बहुधा सुधारते. पुरेसे खाणाऱ्या पुरुषाला तेच द्रव्य दहापट दिल्याने निर्मिती वाढते, असे यांपैकी एकही प्रयोग सांगत नाही. उंदरांवरून माणसाकडे थेट उडी मारण्याचा धोकाही ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत स्पष्ट दिसतो, कारण मानवात त्याची तीव्र कमतरता प्रामुख्याने मज्जासंस्थेच्या विकारांतून प्रकट होते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावण्याची ही चूक पुढील सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे.

गोळ्यांच्या बाजूने आज दिला जाणारा मुख्य युक्तिवाद कमतरतेचा नसून ऑक्सिडीकरणाचा आहे. पेशीत ऊर्जा निर्माण होताना ऑक्सिजनची काही अतिक्रियाशील रूपे तयार होतात. ती मेदाम्ले, प्रथिने आणि डीएनए यांवर हल्ला करतात, आणि त्यांना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. क आणि ई ही जीवनसत्त्वे त्यांतलीच. हल्ला आणि बचाव यांचा तोल हल्ल्याच्या बाजूने झुकला की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह ताण असे नाव आहे. शुक्राणूची घडण पाहिली तर तो या ताणाला किती उघडा आहे हे ध्यानात येते. त्याच्या आवरणात डोकोसाहेक्झेनॉइक ॲसिडासारखी बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात, त्यामुळे ते लवचीक राहते आणि शेपटीचे वळसे शक्य होतात, पण हीच मेदाम्ले ऑक्सिडीकरणाला लवकर बळी पडतात. परिपक्व होताना शुक्राणू आपला बहुतेक पेशीद्रव टाकून देतो आणि त्याबरोबर संरक्षक विकरेही जातात. डोक्यातील डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की जनुके जवळजवळ मूक होतात आणि झालेली मोडतोड दुरुस्त करण्याची क्षमता फारशी उरत नाही. म्हणून त्याचे रक्षण बाहेरून, वीर्यद्रवाकडून व्हावे लागते, आणि त्या द्रवात क जीवनसत्त्वाचे प्रमाण रक्तद्रवापेक्षा कितीतरी पट अधिक असते.

जॉन मॅक्लाउड यांनी १९४३ सालीच दाखवले होते की ऑक्सिजनच्या सान्निध्यात ठेवलेल्या मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारे कॅटलेज हे विकर घातल्यास ती टिकते. १९९१ साली कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात काही पुरुषांच्या आहारातील क जीवनसत्त्व दिवसाला २५० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणले गेले, तेव्हा वीर्यातील त्याचे प्रमाण निम्मे झाले आणि शुक्राणूंच्या डीएनएवरील ऑक्सिडीकरणाची खूण जवळजवळ दुप्पट झाली. सेलेनियमची भूमिकाही अशीच लक्षणीय आहे, कारण सेलेनियमयुक्त एक प्रथिन शुक्राणूच्या मधल्या भागाच्या बांधणीतच वापरले जाते. हा युक्तिवाद सुसंगत आणि आकर्षक आहे आणि त्याचा प्रत्येक दुवा प्रयोगांनी तपासलेला आहे. उणीव फक्त शेवटच्या दुव्याची होती: गोळी घेतल्याने बाळ होण्याची शक्यता वाढते का?

हा दुवा जोडणे दिसते तितके सोपे नसते, आणि त्यासाठी वीर्यतपासणीचा अहवाल जवळून पाहणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीनुसार वीर्याचे आकारमान १.४ मिलिलिटर, प्रति मिलिलिटर १.६ कोटी शुक्राणू, एकूण संख्या ३.९ कोटी, हालचाल करणारे ४२ टक्के आणि सर्वसाधारण आकाराचे ४ टक्के, हे आकडे खालच्या मर्यादा म्हणून दिले जातात. हे आकडे ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत गर्भ राहिला अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून घेतलेले असून त्यांतील तळाच्या ५ टक्क्यांची सीमा दाखवतात. म्हणजे मर्यादेखाली असलेला पुरुषही बाप होऊ शकतो आणि वर असलेल्यालाही अडचण येऊ शकते. त्यातच एकाच पुरुषाची संख्या नमुन्यागणिक कमालीची बदलते: आधीच्या ब्रह्मचर्याचे दिवस, मधे येऊन गेलेला ताप, नमुना गोळा करताना सांडलेला पहिला भाग, या सगळ्यांनी आकडा खालीवर होतो.

आता उपचारासाठी निवडले जाणारे पुरुष कोणते, तर ज्यांचा पहिला अहवाल खराब आला ते. अशांपैकी काहींचा अहवाल केवळ योगायोगाने त्यांच्या नेहमीच्या पातळीच्या खाली आलेला असतो, आणि पुढच्या वेळी तो आपोआप सरासरीकडे सरकतो. वृषणात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि अधिवृषण नावाच्या गुंडाळलेल्या नलिकेतून परिपक्व होत बाहेर पडायला आणखी काही दिवस. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करणे शास्त्रीय आहे. मात्र त्या तीन महिन्यांत गोळी घेतली असो वा नसो, अनेकांचे आकडे सुधारलेले दिसतात, आणि त्याचे श्रेय गोळीला जाते. रुग्णाचा आणि डॉक्टरांचाही अनुभव प्रामाणिक असतो, निष्कर्ष मात्र चुकतो. यासाठीच तुलनेला दुसरा गट लागतो, ज्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली जाते आणि कोणाला काय मिळावे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने ठरते.

अशा पद्धतीच्या सुरुवातीच्या चाचण्या लहान होत्या आणि त्यांचे निकाल परस्परविरोधी आले. सौदी अरेबियातील १९९६ सालच्या एका चाचणीत शुक्राणूंची हालचाल मंद असलेल्या पुरुषांना रोज ३०० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व दिले गेले. त्या गटातील ५२ पैकी ११ जणांच्या पत्नींना गर्भ राहिला आणि प्लासिबो गटात एकीलाही नाही. जर्मनीतील म्युन्स्टर येथे १९९९ साली ३१ पुरुषांना क आणि ई या दोन्हींची मोठी मात्रा ५६ दिवस देऊन तपासले, तेव्हा संख्या, हालचाल यांपैकी कशातही फरक पडला नाही. २००२ साली नेदरलँड्समधील एका अभ्यासात फॉलिक ॲसिड आणि जस्त २६ आठवडे घेतलेल्या, प्रजननक्षमता कमी असलेल्या पुरुषांमध्ये सर्वसाधारण शुक्राणूंची एकूण संख्या ७४ टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध झाले, आणि या एका आकड्याने जगभरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर मोठा प्रभाव टाकला. या अभ्यासाचे मोजमाप शुक्राणूंचे होते, जन्मलेल्या बाळांचे नव्हते.

बाळांची मोजणी अमेरिकेत झाली. तेथील बालआरोग्य व मानवी विकास राष्ट्रीय संस्थेने वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या २,३७० जोडप्यांची नोंदणी करून निम्म्या पुरुषांना रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ३० मिलिग्रॅम जस्त सहा महिने दिले आणि उरलेल्यांना प्लासिबो. २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेला निकाल निःसंदिग्ध होता: गोळी घेणाऱ्यांच्या गटात ३४ टक्के जोडप्यांना मूल झाले, प्लासिबो गटात ३५ टक्के. शुक्राणूंची संख्या, आकार किंवा हालचाल यांत उल्लेखनीय फरक नव्हता. उलट डीएनए तुटलेल्या शुक्राणूंचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत किंचित अधिक, २९.७ विरुद्ध २७.२ टक्के, आढळले आणि पोटाच्या तक्रारीही त्याच गटात जास्त होत्या. ज्या द्रव्यांनी डीएनएचे रक्षण करायचे त्यांच्याकडूनच हे व्हावे, याची दखल महाराष्ट्रातील प्रत्येक वंध्यत्व केंद्राने घ्यायला हवी, कारण आपल्या औषध दुकानांत मिळणारी फॉलिक ॲसिडची नेहमीची गोळी नेमकी याच ५ मिलिग्रॅमची असते आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ पुरुषासाठी सांगितलेली फोलेटची दैनिक गरज केवळ ३०० मायक्रोग्रॅम आहे.

या चाचणीवर एक आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे: तीत सहभागी झालेल्या सर्वच पुरुषांचे वीर्य सदोष नव्हते, त्यामुळे ज्यांना खरोखर गरज होती त्यांच्यावरील परिणाम झाकला गेला असेल. त्याला उत्तर देणारी दुसरी अमेरिकन चाचणीही २०२० मध्येच आली. तीत वीर्यात किंवा शुक्राणूंच्या डीएनएत निश्चित दोष असलेले १७१ पुरुष होते आणि त्यांना क, ई व ड जीवनसत्त्वे, सेलेनियम, कार्निटिन, जस्त, फॉलिक ॲसिड आणि लायकोपीन यांचे, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या कॅप्सूलसारखेच, मिश्रण दिले गेले. बाळ होण्याचे प्रमाण गोळी गटात १५ टक्के आणि प्लासिबो गटात २४ टक्के राहिले. संख्या लहान असल्याने गोळीने नुकसान केले असा अर्थ यातून काढता येत नाही, पण फायद्याचा मागमूसही नाही, एवढे नक्की म्हणता येते. त्यानंतर नेदरलँड्समध्ये हजाराहून अधिक जोडप्यांवर झालेल्या अँटिऑक्सिडंट मिश्रणाच्या चाचणीतही गर्भधारणेचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट थोडी वेगळी आहे. वृषणात आणि शुक्राणूवर त्याचे ग्राहक रेणू असतात, हे समजल्यावर डेन्मार्कमध्ये ३३० वंध्य पुरुषांवर चाचणी झाली आणि २०१८ साली निकाल आला: वीर्याच्या गुणवत्तेत फरक नाही. शुक्राणूसंख्या कमी असलेल्यांच्या उपगटात मात्र गोळी घेणाऱ्यांना मूल होण्याचे प्रमाण अधिक दिसले. असा उपगटातील निकाल पुढच्या चाचणीला दिशा देतो. तेवढ्यावर उपचार उभारता येत नाही.

जगभरच्या चाचण्या एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात ९० अभ्यास आणि १०,३०३ पुरुष समाविष्ट आहेत. वरवर पाहता अँटिऑक्सिडंटमुळे बाळ होण्याची शक्यता काहीशी वाढते असे तेथील एकत्रित गणित सांगते, आणि जाहिरातींत उद्धृत होते ते हेच वाक्य. परंतु बाळांच्या जन्माची नोंद ठेवणाऱ्या चाचण्या त्यांतल्या केवळ १२ होत्या, पुराव्याची विश्वासार्हता अतिशय कमी असल्याचे आढावाकारांनीच नमूद केले आहे, आणि सदोष पद्धतीच्या चाचण्या वगळल्यास तो फायदा निश्चितपणे दाखवता येत नाही. अमेरिकेतील मूत्ररोग आणि प्रजननवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत या पूरकांची उपयुक्तता शंकास्पद असल्याचे म्हटले आहे. उपलब्ध पुरावा पाहता हा शब्दप्रयोग योग्य वाटतो.

युक्तिवाद इतका सुसंगत असूनही निकाल असा का आला, याचे एक उत्तर शरीरक्रियेतच आहे. ऑक्सिजनची क्रियाशील रूपे शुक्राणूची केवळ शत्रू नाहीत. स्त्रीच्या जननमार्गात शुक्राणूला बीजांड फलित करण्याची अंतिम क्षमता येते, शेपटीचे फटकारे जोरकस होतात आणि डोक्यावरील विकरांची पिशवी योग्य क्षणी फुटते, या सर्व टप्प्यांना त्यांची अल्प मात्रा लागते. मॉन्ट्रियल येथील दे लामिरांद आणि गान्यों यांनी १९९० च्या दशकात हे दाखवले. बाहेरून अँटिऑक्सिडंटचा मारा केल्यास तोल विरुद्ध दिशेला जाऊ शकतो. फ्रान्समधील २००७ च्या एका अभ्यासात ९० दिवसांच्या उपचारानंतर डीएनएची मोडतोड कमी झाली, पण त्याच वेळी डीएनएची घट्ट बांधणी सैल पडलेल्या शुक्राणूंचे प्रमाण वाढले. सगळ्यांना एकच मिश्रण देताना कोणाच्या वीर्यात ताण खरोखर वाढलेला आहे आणि कोणाच्या नाही, हे बहुधा मोजलेलेच नसते.

‘फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही’ हे समर्थनही तपासून पाहिले पाहिजे. ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या अमेरिकन चाचणीत रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्के अधिक आढळल्याचे २०११ साली जाहीर झाले. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक झाला, हे १९९४ पासून ज्ञात आहे. हे परिणाम वर्षानुवर्षांच्या सेवनाचे होते, तीन महिन्यांच्या नव्हेत. पण मूल होईपर्यंत गोळी सुरूच ठेवण्याची प्रवृत्ती असते, म्हणून त्यांचा उल्लेख आवश्यक ठरतो. जस्ताच्या दीर्घ अतिसेवनाने शरीरातील तांबे कमी होते आणि सेलेनियमच्या अतिरेकाने केस गळतात, नखे ठिसूळ होतात.

भारतीय संदर्भात एक प्रश्न मात्र खऱ्या अर्थाने खुला आणि महत्त्वाचा आहे, तो ब-१२ जीवनसत्त्वाचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ ची पातळी कमी आढळली, आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. हे जीवनसत्त्व प्राणिजन्य अन्नातूनच मिळते आणि डीएनए तयार होण्यास ते लागते, तेव्हा दिवसाला कोट्यवधी पेशी घडवणाऱ्या वृषणाला त्याची गरज असणार हे उघड आहे. अमेरिका आणि नेदरलँड्समधील मांसाहारी पुरुषांवरच्या चाचण्या या लोकसंख्येला जशाच्या तशा लागू पडतात असे गृहीत धरता येत नाही. म्हणून शाकाहारी पुरुषाची ब-१२ पातळी मोजणे आणि ती कमी असल्यास भरून काढणे सर्वथा योग्य आहे. मूल होवो न होवो, त्याच्या रक्ताला आणि मज्जातंतूंना त्याचा उपयोग होईलच. त्याला केवळ फॉलिक ॲसिड देत राहणे मात्र घातक ठरू शकते, कारण त्याने रक्तातील दोष झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. खेदाची गोष्ट अशी की आपल्याकडे मिश्र कॅप्सूल सर्रास लिहिली जाते आणि ही एक साधी रक्ततपासणी पुष्कळदा राहून जाते.

बाजारातील बहुतेक मिश्रणे औषध म्हणून नव्हे तर पूरक आहार म्हणून विकली जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा उत्पादनाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही आणि ते औषधी वापरासाठी नाही, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. ही सूचना वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच उत्पादन औषधांच्या रांगेत लिहिले गेले की रुग्ण ते औषधच समजतो.

गोळ्यांचा सर्वांत मोठा तोटा त्यांच्या घटकांत नसून त्यांनी व्यापलेल्या काळात आहे. वृषणाच्या शिरा फुगण्याचा दोष, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात, सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांत आणि वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिकांत आढळतो. तो हाताने तपासून कळतो आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने सुधारतो. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनसारखी इंजेक्शने शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ थांबवतात; इतकी की जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास ती पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून तपासली होती. पौरुष वाढावे म्हणून घेतलेल्या सुईनेच वीर्य शुक्राणूहीन झाले आहे, हे त्या तरुणाला कोणी विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ती बंद केल्यावर निर्मिती परतायला अनेक महिने लागतात. तंबाखू, गुटखा आणि धूम्रपान ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतात. तो ताण कायम ठेवून वर अँटिऑक्सिडंट देणे निरर्थक आहे. वीर्यात शुक्राणू मुळीच नसतील तर मार्गातील अडथळा, संप्रेरकांचा अभाव किंवा गुणसूत्रांचा दोष शोधावा लागतो, आणि त्यांतल्या कशावरही जीवनसत्त्वांचा इलाज नाही.

दरम्यान पत्नीचे वय पुढे सरकत असते. ती पस्तिशीपुढची असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच तपासण्या सुरू कराव्यात, असा मान्य संकेत आहे, कारण बीजांडांची संख्या आणि गुणवत्ता त्यानंतर वेगाने घटते. आपल्या घरांत मूल न होण्याचा बोल आजही प्रथम तिलाच लावला जातो, आणि पतीच्या खराब अहवालावर गोळ्यांची पुरचुंडी देऊन ते प्रकरण मिटवणे घरातल्यांना सोयीचे वाटते; त्या सोयीची किंमत तिच्या शरीराला आणि तिच्या उरलेल्या वर्षांना मोजावी लागते. म्हणून वंध्यत्वाच्या पहिल्याच भेटीत पतीची प्रत्यक्ष तपासणी, काही आठवड्यांच्या अंतराने दोन वीर्यतपासण्या आणि शाकाहारी असल्यास ब-१२ ची चाचणी व्हावी, जी कमतरता मोजून सापडेल तीच भरून काढावी, आणि बाकीच्या कॅप्सूलसाठी जोडप्याला तीन महिने थांबवू नये, एवढी मागणी डॉक्टरांकडे करण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे आणि तो त्याने अवश्य बजावावा.